स्लॅबवरची पिवळी पावलं

"पण मग माणसं नवीन गोष्ट स्वीकारत का नाहीत, महाराज?"

टिळेकर जेवायच्या आधीही हेच विचारत होता. जेवताना विचारत होता. आता हात धुऊनही विचारत होता.

महाराज चिंच फोडत बसले होते. वैशाखात मठाची वर्षभराची चिंच फोडून ठेवायची असते, आणि हे काम महाराज दुसऱ्या कुणाला देत नाहीत. गर एका सुपात, चिंचोके दुसऱ्या सुपात.

"कोणती गोष्ट?" महाराजांनी विचारलं.

"हीच." टिळेकरने हातातला टॅब पुढे केला.

महाराजांनी आपले चिंचेने बरबटलेले हात दाखवले. टॅब लगबगीने मागे गेला.

मी या मठाच्या कोठीवर असतो. स्वयंपाक, धान्य, पाणी आणि पाहुण्यांच्या तक्रारी, सगळं माझ्याकडे. त्यामुळे माझं तोंड बारा महिने वाकडं असतं आणि मठात त्याची सगळ्यांना सवय झाली आहे. टिळेकर आला की ते जरा जास्तच वाकडं व्हायचं, कारण त्याला बिनसाखरेचा चहा लागायचा आणि त्यासाठी चुलीवर दुसरं पातेलं चढवावं लागायचं. माणूस मात्र वाईट नव्हता. हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला फार लवकर कळलेलं होतं, एवढंच.

खडकवण्याच्या टेकडीवर आमचा मठ आहे. आसपासच्या वाड्यांतल्या आजारी माणसाला अजूनही झोळीत घालून खाली रस्त्यापर्यंत आणावं लागतं. म्हणून महाराजांनी मठाच्या आवारात दवाखाना बांधायला काढला होता. काम नाशिकच्या एका कंपनीने घेतलं. मालकीण गुंजाळ मॅडम. त्यांच्याकडे टिळेकर हा नव्या तंत्राचा प्रमुख. त्याने बांधकामासाठी एक ॲप तयार करून घेतलं होतं आणि ते पहिल्यांदा वापरायला आमचा दवाखाना निवडला होता. इथे जमलं तर मॅडम ते आपल्या सगळ्या साइटवर लावणार होत्या. नाही जमलं तर टिळेकरने पुन्हा ऑफिसात बसून नकाशे काढायचे, असं ठरलं होतं.

ॲपला एक छान संस्कृत नाव होतं. मजूर त्याला 'हिरवं' म्हणायचे. काम झालं की त्यात हिरवी खूण यायची, म्हणून.

"हजेरीचंच घ्या," टिळेकर म्हणाला. "चेहरा दाखवायचा, हजेरी लागते. इतकं सोपं. पण दिवसभर साइटवर कुणीच नाही असं दिसतं आणि संध्याकाळी सुटायच्या वेळेला सगळे कामावर येतात."

"का?"

"सिमेंट, महाराज. दिवसभर तोंडावर सिमेंट असतं. ॲपला सगळे सारखेच दिसतात. परवा अख्खी टोळी एकच माणूस म्हणून लागली."

महाराजांनी मान डोलावली. "मोठी अवस्था आहे."

"चेष्टा करू नका महाराज. सोमवारी स्लॅब टाकायचाय. या उन्हात स्लॅबला पाणी नाही मारलं तर तो कच्चा राहतो, तडकतो. आणि ही चोरी नंतर दिसत नाही. वरून प्लास्टर झालं की संपलं. म्हणून मी फोटो ठेवलेत. सकाळ, दुपार, संध्याकाळ, पाणी मारल्याचा फोटो टाकायचा. एवढंच करायचंय."

"आणि ते करत नाहीत?"

"आता भिंतींना पाणी मारतात. फोटो टाकत नाहीत."

"मग पाणी तर मिळतंय."

"महाराज," टिळेकर लहान मुलाला समजवावं तसा म्हणाला, "फोटो नाही म्हणजे पाणी नाही."

महाराजांचा हात चिंचेवर थांबला.

…

"हे तू सावळारामला सांगितलंस?"

"रोज सांगतो. तो ऐकत नाही. तुमचं ऐकेल. तुम्ही फक्त एकदा सांगा, ॲप म्हणतं तसं करा. तुमचा शब्द ही माणसं खाली पडू देत नाहीत."

सावळाराम म्हणजे साइटचा मुकादम. महाराजांनी मला त्याला बोलवायला पाठवलं. तो आला, दारात चपला काढल्या, पाया पडला आणि खांबाला टेकून उभा राहिला.

"सावळाराम, साहेबांचं ते काय आहे ना, ते म्हणतं तसं करा."

"जसं म्हनंल तसंच?"

महाराजांनी टिळेकरकडे पाहिलं.

"अगदी तसंच," टिळेकर म्हणाला.

"बरं," सावळाराम म्हणाला आणि गेला.

टिळेकरचा चेहरा उजळला. महाराज पुन्हा चिंच फोडू लागले, पण त्यांचं लक्ष चिंचेत नव्हतं. मला ते दिसलं, कारण त्यांनी एक चिंचोका गराच्या सुपात टाकला.

सोमवारी स्लॅब टाकून झाला. नारळ फुटला, जिलेबी वाटली, मी साठ माणसांचा भात शिजवला आणि कुणी बरा झालाय असं म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशी टिळेकरने स्लॅबच्या जिन्याकडच्या कोपऱ्यात पिवळ्या ऑइलपेंटने दोन पावलं रंगवली.

पावलं रंगवण्यामागे त्याची युक्ती होती. फोटो रोज वेगवेगळ्या जागेवरून निघाले तर कॉम्प्युटरला ते ताडून पाहता येत नाहीत. म्हणून याच पावलांवर उभं राहायचं, समोरच्या कठड्याकडे तोंड करायचं आणि फोटो काढायचा. फोटो कालच्यासारखा ओला दिसला की खूण हिरवी.

"माणसाला विचारच करावा लागू नये, अशी सोय केलीये," तो मला म्हणाला.

"चहा घेणार?" मी विचारलं.

"बिनसाखरेचा."

टिळेकर नाशिकला गेला. आणि पावलांवर फुलं पडली.

झालं असं की दर्शनाला आलेल्या बायका दवाखाना कुठवर आलाय ते बघायला जिना चढून वर गेल्या. वर बघतात तर पिवळीधमक पावलं. मठाचं आवार, नवी वास्तू, आणि जिन्याच्या तोंडाशीच दोन पावलं. त्यांनी हळदकुंकू वाहिलं. मागून येणाऱ्यांनी हळदकुंकू पाहिलं आणि हात जोडले. एकीने नारळ फोडला. तिची सून बरेच दिवस माहेरी रुसून बसली होती. ती नेमकी त्याच संध्याकाळी परत आली. मग काय, विचारायलाच नको.

सावळारामने फोनवर टिळेकरला कळवलं, तेव्हा टिळेकरने थेट महाराजांना फोन लावला. माझ्या फोनवर, कारण महाराजांकडे फोन नाही.

"महाराज, त्या बायकांना थांबवा. ती पावलं फोटोसाठी आहेत."

"तूच काढलीस ना?"

"हो, पण…"

"पावलं काढल्यावर लोक पाया पडणारच."

"पण फोटोत फुलं येतायत महाराज."

"मग तुझं यंत्र काय म्हणतं?"

टिळेकरने तिकडे टॅब उघडून पाहिला. मग म्हणाला, "हिरवं म्हणतंय."

"मग झालं तर."

आणि खरंच सगळं हिरवं झालं होतं. सकाळी हिरवं, दुपारी हिरवं, संध्याकाळी हिरवं. हजेरीसुद्धा जमली. सावळाराम सगळ्यांना तोंड धुवायला लावूनच चेहरा दाखवायला उभं करायचा. टिळेकरचे फोन येत, तेव्हा त्याचा आवाज लग्नघरातल्या माणसासारखा असायचा. गुंजाळ मॅडम गुरुवारी स्वतः येणार होत्या. सोबत बाकीच्या साइटचे इंजिनियर आणणार होत्या, हा चमत्कार दाखवायला.

त्या दिवसांत मीही सुखात होतो. त्याचं कारण सांगतो. मठाला पाणी एकाच झऱ्याचं. ते एका हौदात साठतं आणि त्यातून मी स्वयंपाक, भांडी, पाहुण्यांच्या आंघोळी भागवतो. बांधकाम सुरू झाल्यापासून त्यांचा पाइप त्याच हौदात पडलेला. भिंतींना पाणी मारायचे तेव्हा दुपारपर्यंत हौद तळाला जायचा आणि मी सावळारामच्या सात पिढ्यांची आठवण काढायचो. मनातल्या मनात. मठ आहे शेवटी.

आता बघावं तर हौद भरलेला. दुपारी भरलेला. संध्याकाळी भरलेला. मी भांडी दोनदा विसळू लागलो.

गुरुवारी सकाळी मॅडमच्या जेवणासाठी पुरण शिजत घातलं होतं. ऊन चढलं होतं. टिळेकर नाशिकहून आला होता आणि इस्त्रीचा शर्ट घालून ओसरीवर टॅब पुसत बसला होता. मॅडमची गाडी घाटाच्या खाली आल्याचा निरोप आला होता. हौद काठोकाठ होता. मी पुरण घोटत होतो आणि मला कळलंही नाही, मी गौळण म्हणायला लागलो होतो.

महाराज स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"वामन."

"जी."

"गातोयस?"

मी ओशाळलो. "हौद भरलाय महाराज," मी म्हणालो. "स्लॅब टाकल्यापासून एकदाही उतरला नाही."

…

महाराज जागचे हलले नाहीत. त्यांनी हौदाकडे पाहिलं. मग दवाखान्याकडे पाहिलं. मग ते इतक्या झपाट्याने निघाले की मी पुरण तसंच ठेवून मागे धावलो, आणि मला धावताना पाहून टिळेकरही धावला.

जिन्यापाशी महाराजांनी चपला काढल्या आणि वर गेले.

"काढ," ते वरून टिळेकरला म्हणाले.

"महाराज, साइटवर सेफ्टी शूज काढता येत नाहीत. ॲपमध्ये नियम…"

"त्याला सांगू नकोस."

टिळेकरने बसून बूट काढले, मोजे काढले, मोजे बुटात नीट घडी करून ठेवले. वर आला. स्लॅबवर पहिलं पाऊल टाकलं आणि उचललं. दुसरं टाकलं आणि तेही उचललं. माणसाला दोनच पाय असतात, त्यामुळे त्याची पंचाईत झाली. तो नाचायला लागला.

मीही नाचत होतो. तापलेल्या तव्यावरून चालल्यासारखं वाटत होतं.

"इकडे ये," महाराज म्हणाले.

ते कोपऱ्यात होते. तिथे पिवळी पावलं होती, त्यावर झेंडूची फुलं, आणि पावलांच्या समोर मातीचा बांध घालून केलेलं एक छोटंसं तळं. घोट्याएवढं स्वच्छ पाणी. त्या पाण्यात महाराज उभे होते.

टिळेकरने उडी मारली. मागून मीही. तिघंही त्या पाण्यात उभे राहिलो आणि पायांना बरं वाटलं. पाण्यात आणखी एकजण होता. एक बेडूक. आम्ही आलो म्हणून तो जरा सरकून बसला.

"गार आहे ना?" महाराजांनी विचारलं.

"हो," टिळेकर म्हणाला.

"इथवर तुझं ॲप आहे."

टिळेकरने मान वर केली.

तळ्याच्या पलीकडे सगळा स्लॅब पांढराफटक पडला होता. बांध नाहीत, पाणी नाही, ओलीचा एक डागसुद्धा नाही. जवळून पाहिलं तर केसाएवढ्या बारीक रेघा दिसू लागल्या होत्या.

टिळेकरच्या तोंडचं पाणी पळालं. असा पांढरा पडलेला माणूस मी पाहिला नव्हता. मला त्याचं खरंच वाईट वाटलं.

"सावळाराम," त्याने हाक मारली. पुन्हा मारली.

सावळाराम आला. तो वर येताना पावलांना हात लावून नमस्कार करून आला.

"पाणी कुठंय?"

"हे काय." सावळारामने तळं दाखवलं.

"बाकीच्या स्लॅबला?"

"बाकीचा फोटोत येत न्हाई ना, सायेब."

…

"तुम्ही आधी भिंतींना नीट पाणी मारत होता की. तेव्हा कुणी सांगत नव्हतं."

"मारत व्हतो," सावळाराम म्हणाला. "तवा तुम्ही म्हनले, फोटो न्हाई म्हंजी पानी न्हाई. आमी मनात म्हनलो, मंग फोटो आसला म्हंजी पानी आलंच की. आन म्हाराजांनी बी सांगितलं, त्ये म्हनंल तसं करा. त्ये कदीच 'न्हाई' म्हनलं न्हाई. एक डाव सुदिक."

टिळेकर महाराजांकडे वळला. "तुम्ही सांगितलंत त्यांना."

"सांगितलं."

"तुमच्या शब्दावर त्यांनी…"

"तुझ्याकडे बघून सांगितलं," महाराज म्हणाले. "आणि चुकलं माझं. रोज वर येऊन बघायला हवं होतं. मी चिंच फोडत बसलो."

टिळेकरला हे अपेक्षित नव्हतं. त्याचा राग जागच्या जागी विरला. मग तो हळूच म्हणाला, "यात प्रत्येकाचं एक बटण आहे. मुकादमाचं 'पाणी मारलं'. सुपरवायझरचं 'पाहिलं'. आणि सगळ्यात शेवटी माझं."

"तुझं काय आहे?"

"'खात्री केली.'"

"आज दाबलंस?"

"दाबलं."

"कुठून?"

टिळेकरने बेडकाकडे पाहिलं. "येताना. मिसळ खाताना."

बेडकाने डुबकी मारली.

खालून गाड्यांचे हॉर्न ऐकू आले. मठाच्या शेवटच्या वळणावर सगळे हॉर्न वाजवतात. गुंजाळ मॅडम आल्या होत्या, आणि मागे इंजिनियरांनी भरलेली दुसरी गाडी.

टिळेकरने टॅब उघडला. पडदा हिरवागार होता. त्याने तो महाराजांपुढे धरला.

"महाराज, आजचा दिवस फक्त. त्या वर येणार नाहीत, बूट घालून घाम गाळत कोण येतंय. मी खालीच दाखवतो. त्या गेल्या की मी स्वतः उभा राहून पाणी मारून घेतो. रात्रंदिवस मारून घेतो. स्लॅबला काही होणार नाही. पण आज हे गेलं तर माझं सगळं गेलं. दोन वर्षं घातलीत मी यात."

महाराज कोरड्या स्लॅबकडे पाहत होते.

"तुम्हीच सांगा. दाखवू ना?"

…

महाराजांनी एक पाय पाण्यातून बाहेर काढला. मग दुसरा. बांध ओलांडून ते चार पावलं चालत गेले आणि कोरड्या स्लॅबवर, भर उन्हात, टिळेकरकडे तोंड करून उभे राहिले. शांतपणे. देवासमोर उभं राहावं तसे.

"महाराज, पाय भाजतील," टिळेकर म्हणाला.

"भाजतायत."

"पाण्यात या."

महाराज हलले नाहीत.

"महाराज, या ना इकडे."

खाली गाडीची दारं उघडल्याचे आवाज आले. कुणीतरी विचारलं, टिळेकर कुठे आहेत? महाराजांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांचं वय झालेलं आहे. मी पुढे होणार तेवढ्यात सावळारामने माझा हात धरला.

टिळेकरने टॅबकडे पाहिलं, महाराजांच्या पायांकडे पाहिलं. मग तो टॅब त्याने माझ्या हातात कोंबला, बांध ओलांडला, कठड्याशी गुंडाळून ठेवलेल्या पाइपकडे नाचत नाचत धावला आणि ओरडला, "पंप चालू करा."

पाणी आलं. त्याने पहिली धार महाराजांच्या पायांवर सोडली. मग त्यांच्या भोवती. मग सगळीकडे. स्लॅब पाणी अंगावर पडताच पिऊन टाकत होता. टिळेकरने तिथेच पुन्हा पाणी मारलं. सावळारामने माणसं बोलावली, माती आली, बांध पडू लागले. मला कुणी काही सांगितलं नाही, पण मीही घमेलं उचललं. खाली माझा हौद माझ्या डोळ्यांदेखत कमी होत होता आणि मला पुरणाची आठवण झाली. ते करपलं असणार, आणि ते करपलंच होतं.

मॅडम वर आल्या.

टिळेकरचा अंदाज चुकला होता. गुंजाळ मॅडम बूट घालून आल्याच नव्हत्या. मठात यायचं म्हणून त्यांनी चपला गाडीतच काढल्या होत्या. मागे बूटवाले इंजिनियर जिन्यात दाटीवाटीने उभे राहिले.

मॅडमना दिसलं ते असं. पिवळी पावलं, त्यावर फुलं आणि अर्धा नारळ. एक बेडूक. मठाचा कोठीवाला एका हातात टॅब, दुसऱ्या हातात घमेलं घेऊन. भिजलेले महाराज. आणि कंपनीचा नव्या तंत्राचा प्रमुख, पँट गुडघ्यापर्यंत वर दुमडून, अनवाणी, पाइप धरून.

"टिळेकर," त्या म्हणाल्या, "ॲप दाखवणार होता ना?"

टिळेकरने पाइप खाली ठेवला नाही. धार चालूच ठेवली.

"मॅडम, ॲपमध्ये सगळं हिरवं आहे," तो म्हणाला. "आणि स्लॅब कोरडा आहे. होता. दोन्ही माझ्यामुळेच."

मागचा एक इंजिनियर हसला. मॅडमनी वळून पाहिलं, तो गप्प झाला. जिन्यात सगळेच गप्प झाले, कारण त्यातल्या प्रत्येकाची आपापली साइट होती आणि सगळ्यांच्या फोनमध्ये काहीतरी हिरवं होतंच.

मॅडम वाकल्या. एका रेघेवरून बोट फिरवलं. त्यांच्या नवऱ्याने स्लॅबखाली लावायच्या सेंटरिंगच्या फळ्या भाड्याने देण्यापासून सुरुवात केली होती, आणि तेव्हा त्याही साइटवर असायच्या, असं मागे एकदा त्यांनी मला चहा पिताना सांगितलं होतं. साखरेचा चहा.

"वरवरच्या आहेत," त्या म्हणाल्या. "आज कळलं म्हणून वाचला. आता पाणी हटू द्यायचं नाही."

"नाही हटू देणार," टिळेकर म्हणाला.

"आणि याचं काय करायचं?" त्यांनी माझ्या हातातला टॅब दाखवला. "बंद करू या?"

टिळेकरच्या हातातल्या पाइपची धार वेडीवाकडी होऊन एका इंजिनियरच्या बुटावर पडली.

मॅडम महाराजांकडे वळल्या. "तुम्ही सांगा महाराज. तुमचा दवाखाना आहे. हे ठेवू की काढून टाकू?"

सावळारामची माणसंसुद्धा थांबली.

महाराज ओल्या स्लॅबवर पायांची बोटं हलवत होते. त्यांना बरं वाटत असावं.

"राहू दे," ते म्हणाले. "पोराने मेहनत घेतलीये. फक्त त्यात एक बटण वाढवा."

टिळेकरने चटकन मान वर केली. "कोणतं?"

"'चपला काढल्या.'"

"त्येचा फोटो लागंल का?" सावळारामने विचारलं.

मॅडमना हसू आवरेना. जिन्यातही हसले सगळे. टिळेकर तेवढा हसला नाही. तो विचार करत होता. पाणी मारत मारत तो महाराजांच्या जवळ आला आणि म्हणाला, "पण महाराज, मी नाशिकला असणार. आणि इथे कुणी चपला न काढताच ते बटण दाबलं, तर मला कळणार कसं?"

…

महाराजांनी माझ्याकडे पाहिलं.

"वामन गौळण म्हणायला लागेल."